चावी शेजारी आहे, ही नोंद कोण कोण वाचणार?

वाचकाचं पत्र, ओळख लपवून थोडक्यात: या ताई गोव्यातल्या फोंड्यातल्या एका दुकानाचं ऑफिस बारा वर्षं सांभाळतात. इन्व्हर्टर, पाण्याचे फिल्टर आणि सोलर हीटर यांची विक्री आणि सर्व्हिस असा धंदा. पाच वर्षांपूर्वी वह्या बंद झाल्या आणि सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं. तेव्हापासून ग्राहकाची जवळजवळ प्रत्येक नोंद त्यांच्या हातची. आता शेटची मुलगी पुण्याहून शिकून परत आली आहे. चतुर्थीच्या गर्दीआधी तिला सीआरएमला एआय मदतनीस जोडायचा आहे. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की मदतनीस नोंद बघेल, उत्तर देईल, टेक्निशियनची वेळही ठरवेल. त्यासाठी ती ताईंचं अ‍ॅडमिन लॉगिन मागते आहे. ताई लिहितात: 'लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेल्या गोष्टी त्यात आहेत. यंत्राच्या पोटात एकदा गेलं की संपलं. शेटना सांगितलं तर म्हणाले, तुला नवं काही नकोच असतं. खरं सांगायचं तर माझ्या नोंदी माझ्याशिवाय कोणाला उलगडत नाहीत. उद्या यंत्राला उलगडल्या तर माझं काय, हेही मनात येतं. मी अडून बसू की लॉगिन देऊन मोकळी होऊ?'

ताई,

अडून बसू नका, आणि ते लॉगिनही देऊ नका. तुमच्या पत्रात हे दोनच रस्ते दिसतात आणि शेटच्या मुलीच्या मनातही बहुधा दोनच असावेत: जोडायचं किंवा नाही जोडायचं. पण 'जोडणं' या एका शब्दात चार कामं दडलेली आहेत. मदतनिसाने नोंदी वाचायच्या, हे पहिलं. वाचून उत्तराचा मसुदा तुमच्यापुढे ठेवायचा, हे दुसरं. नोंदीत स्वतः फेरफार करायचा, हे तिसरं. आणि कोणालाही न विचारता ग्राहकाला उत्तर धाडायचं, हे चौथं. प्रत्येकाची परवानगी वेगळी देता येते आणि वेगळी काढूनही घेता येते. मुलीने चारही एकदम मागितल्या, तुम्ही चारहींना एकदम नाही म्हणालात. मधे बरीच जागा आहे, आणि तुमच्या दुकानाचा निर्णय त्या जागेत कुठेतरी बसेल.

आधी त्या 'पोटा'विषयी बोलू या. जोडणी झाली की सगळं सीआरएम उचलून मदतनिसाच्या आत ओतलं जातं, असं पुष्कळांना वाटतं. सहसा तसं होत नाही. मधे एक कनेक्टर, म्हणजे दोघांना जोडणारा दुवा, असतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एआयला बाहेरच्या साधनांशी जोडण्याची खुली पद्धत जाहीर केली. पुढे इतर मोठ्या एआय कंपन्यांनीही ती स्वीकारली, आणि आज हबस्पॉट, सेल्सफोर्स, झोहो यांची सीआरएम त्या पद्धतीने मदतनिसाला जोडता येतात. कोणी विचारलं, 'बोरीच्या गावडेंकडे शेवटची सर्व्हिस कधी झाली?', की मदतनीस त्या क्षणी सीआरएममध्ये शोध पाठवतो, चार-पाच नोंदी परत येतात आणि त्या वाचून तो उत्तर जुळवतो. पुढच्या प्रश्नाला पुन्हा नवा शोध.

म्हणून काळजी दोन जागी घ्यायची. हा शोध कोणाच्या लॉगिनने जातो, ही पहिली जागा; कारण त्या लॉगिनला जे दिसतं ते सगळं मदतनिसाला दिसतं. दुसरी जागा म्हणजे त्या संभाषणाची प्रत एआय कंपनीकडे किती दिवस राहते आणि एआयचं मॉडेल शिकवायला वापरली जाते का. व्यवसायासाठीच्या योजनांत ती सहसा वापरली जात नाही. वैयक्तिक खात्यात मात्र ती सेटिंग अनेकदा आधीपासून चालू असते, आपण जाऊन बंद करावी लागते. शेटच्या मुलीने स्वतःच्या खात्यावर एखादा नमुना करून बघितला असेल, तर हे आजच तिला विचारा.

अ‍ॅडमिन लॉगिन न देण्याचं कारण आता तुमच्या लक्षात येईल. अ‍ॅडमिनला सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करता येतात, खोडता येतात, दुसऱ्याचं खातंही बंद करता येतं. शिवाय मदतनिसाने केलेली प्रत्येक हालचाल ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केलं याच्या यादीत, तुमच्या नावावर चढेल, आणि चतुर्थीच्या धांदलीत काही बिघडलं तर ते तुम्ही केलं की त्याने, हे कोणालाच सांगता येणार नाही. मदतनिसासाठी वेगळा यूजर काढा, त्याला वेगळा रोल, म्हणजे अधिकारांचा ठरावीक संच, द्या, आणि त्या रोलला सध्या फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. दुकानात नवा टेक्निशियन आला तर त्याला पहिल्या दिवशी गोदामाची चावी देत नाही, जुन्या माणसाबरोबर महिनाभर फिरवतो. शेटना हे याच शब्दांत सांगा. त्यांना ते चटकन पटेल.

आता तुमच्या नोंदींकडे येऊ. तुम्ही नावं खोडून चार नमुने पाठवलेत. 'घर बंद. सगळे कुवेतला, मे महिन्यात येतात. चावी डावीकडच्या घरी, म्हातारीकडे.' दुसरी: '१ ते ४ फोन नको, ओरडतात.' तिसरी: 'पैशांचं मुलाशी बोलणे, बापाला कळता नये.' चौथी: 'बाई एकटी असते, एकट्या टेक्निशियनला पाठवू नये.'

या नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. यातली एकही चहाटळपणाने लिहिलेली नाही. आपल्याकडे वाड्यावाड्यावर कुलूप लावलेली घरं आहेत, माणसं आखातात नाहीतर इंग्लंडमध्ये. बंद घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कोणीतरी जाऊन बघावंच लागतं, म्हणून चावीची नोंद. दुपारच्या झोपेत फोन केला तर ग्राहक तुटतो, म्हणून वेळेची. तुम्ही धंद्याची आणि माणसांची, दोघांचीही काळजी घेतलीत.

पण या नोंदी आजवर सुरक्षित राहिल्या त्या लपल्या होत्या म्हणून. कोणाला वाचायच्या असतील तर त्या एका ग्राहकाचं पान उघडून, खाली सरकत जाऊन वाचाव्या लागत. मदतनीस जोडला की हा आडोसा जातो. 'फोंडा तालुक्यात सध्या कुठली घरं बंद आहेत आणि चाव्या कोणाकडे आहेत?' हा एक प्रश्न, आणि पुढे तयार यादी. गेल्या महिन्यात कामाला लागलेल्या पोरालाही ती मिळेल, ज्याच्या हाती त्याचा मोबाईल पडेल त्यालाही. चोरी होईलच असं मी म्हणत नाही. पण अशी यादी आज जगात कुठेच नाही आणि जोडणीनंतर ती मागितली की बनेल, एवढं शेटना कळायला हवं.

आणि मागणारा दुकानातलाच असेल असंही नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नोमा सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी सेल्सफोर्सच्या एजंटफोर्स या मदतनिसातली एक फट उघड केली. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म असतो, त्यातल्या वर्णनाच्या रकान्यात त्यांनी चौकशीबरोबर मदतनिसासाठी हुकूम लिहून ठेवले. फॉर्म नेहमीसारखा सीआरएममध्ये लीड, म्हणजे संभाव्य ग्राहक, म्हणून जमा झाला. नंतर कर्मचाऱ्याने त्या लीडबद्दल मदतनिसाला साधा प्रश्न विचारला की मदतनीस ते हुकूम पाळायचा आणि सीआरएममधली माहिती बाहेरच्या पत्त्यावर धाडायचा. तो वेबपत्ता सेल्सफोर्सच्या भरवशाच्या यादीत होता, पण त्याची मुदत संपलेली होती; संशोधकांनी तो ५ डॉलरला विकत घेतला होता. सेल्सफोर्सने ती फट बुजवली. मुळातली अडचण मात्र शिल्लक आहे: समोर आलेल्या मजकुरातली माहिती कुठली आणि हुकूम कुठला, हे या मदतनिसांना दर वेळी खात्रीने ओळखता येत नाही. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज थेट सीआरएममध्ये पडत असतील, तर मदतनीस जे वाचणार आहे त्यातला एक भाग कोणीही परका माणूस लिहू शकतो.

म्हणून जोडणीआधी नोंदी निवडा. तुम्हीच निवडा, कारण हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. चाव्या, बंद घरं, एकटी राहणारी माणसं, आणि इन्व्हर्टरचं अ‍ॅप चालू करताना कुठे ग्राहकाचा वायफाय पासवर्ड टिपून ठेवला असेल तर तोही: हे सगळं शेऱ्यांतून बाहेर काढा. बहुतेक सीआरएममध्ये स्वतंत्र फील्ड, म्हणजे रकाना, करून ती ठरावीक रोलपासून लपवता येते. पण माझं मत विचाराल तर चाव्यांची नोंद परत कपाटातल्या वहीत जाऊ द्या. टेक्निशियनला चावीचा पत्ता सांगायला एक फोन पुरतो.

'ओरडतात', 'बापाला कळता नये' या जातीच्या नोंदींचं वेगळं आहे. त्या कामाच्या आहेत, फक्त भाषा बदला. 'फोन सायंकाळी ४ नंतर.' 'बिलासाठी संपर्क: मुलगा.' बस्स. उद्या तो ग्राहक काउंटरवर उभा राहून ती नोंद वाचू लागला तर तुम्हाला मान खाली घालावी लागू नये, इतकीच कसोटी. आणि तो दिवस कल्पनेतला राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क त्यात ग्राहकाला आहे. काम दुसऱ्या कंपनीच्या यंत्राकडून करून घेतलं तरी जबाबदारी दुकानाचीच राहते. माहितीची पुरेशी राखण केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. फोंड्यातल्या दुकानावर तेवढा दंड बसेल म्हणून मी हे सांगत नाही. पण 'तुला नवं काही नकोच असतं' या वाक्यापुढे हा कायदा ठेवला तर तुमची भीती निराधार नाही हे शेटना दिसेल.

बाकी उरतात त्या कामाच्या नोंदी: मॉडेल, बसवल्याची तारीख, बॅटरी कधी बदलली, फिल्टरचं कँडल कधी. त्या शेऱ्यांत न ठेवता आपापल्या फील्डमध्ये भरा. मदतनिसाचा खरा उपयोग इथेच आहे.

आता थोडं न आवडणारं बोलतो. 'माझ्याशिवाय कोणाला उलगडत नाहीत' हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंत, आणि अभिमान वाटण्यासारखं काम तुम्ही केलंच आहे. पण तुम्हाला चार दिवस ताप आला तर? जून महिन्यात वीज जाते आणि इन्व्हर्टरच्या तक्रारी एकावर एक येतात. तेव्हा चार टेक्निशियन चार रस्त्यांवरून 'ताई, हे घर कुठलं?' म्हणून तुम्हालाच फोन करतात, असं तुम्हीच लिहिलंय. पत्ता काय, तर 'देवळामागे, फणसाजवळ'. शेटच्या मुलीला ही ओढाताण दिसते आहे. तिची घाई चुकीची असेल, पण दुखणं तिने बरोबर ओळखलंय. तिला तुमच्या विरुद्ध बाजूला उभी करू नका.

उलट तिला घेऊन एक दुपार बसा आणि मदतनिसाला तुमच्या नोंदींवर वीसेक प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. काय चुकेल याचा मला साधारण अंदाज आहे. एकच माणूस तीन जागी सापडेल, कारण नाईक आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि कामत कुठे कामोतीं म्हणूनही नोंदलेले असतील. शोध नेमक्या अक्षरांवर गेला तर एक सापडेल, दोन निसटतील, आणि मदतनीस बेधडक सांगेल की या ग्राहकाची एकच सर्व्हिस झाली आहे. तुम्ही घाईत रोमी अक्षरांत लिहिलेल्या कोकणी शेऱ्यांचा अर्थ तो कुठे लावेल, कुठे भलताच लावेल. मराठी त्याला बरीच समजते, कोकणी कमी. डुप्लिकेट नोंदी एकत्र केल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मर्ज करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, कारण चुकून एकत्र केलेले दोन नाईक पुन्हा वेगळे करणं महाकर्मकठीण.

मोजणीचे प्रश्नही विचारून बघा. 'या महिन्यात किती एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) संपतात?' इथे फसगत होते. सीआरएम सगळ्या नोंदी एका दमात देत नाही. झोहो सीआरएममध्ये नेहमीच्या पद्धतीने नोंदी मागितल्या तर एका विनंतीला जास्तीत जास्त २०० मिळतात, पुढच्या हव्या तर पुन्हा मागाव्या लागतात. मदतनिसाने पहिल्याच खेपेवर समाधान मानलं तर आकडा चुकतो, आणि चुकलाय हे उत्तराच्या थाटावरून कळत नाही. मोजणीसाठी सीआरएमचा स्वतःचा रिपोर्टच वापरा.

या दुपारनंतर मुलीची भूमिका थोडी सरकेल, तुमचीही. गावडेंच्या पाच वर्षांच्या सर्व्हिसचा सार तो काही सेकंदांत चार ओळींत मांडतो तेव्हा तुम्हालाही बरं वाटेल. म्हणून चतुर्थीपर्यंत वाचणं आणि मसुदा, या दोनच पायऱ्या द्या. ग्राहकाचा मेसेज आला, मदतनिसाने उत्तर तयार केलं, तुम्ही नजर टाकून पाठवलं. टायपिंग वाचेल आणि चुकीचा नाईक तुमच्या डोळ्यांतून सुटणार नाही.

आपोआप उत्तर धाडण्याची चौथी पायरी मी सध्या देणार नाही, आणि यावर ठाम राहा. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याची चुकीची माहिती दिली. घरात मृत्यू झाला म्हणून तो प्रवास करत होता. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याकडे बांधील नाही, पण ग्राहक कुठलाही असो, तो असाच विचार करतो. मदतनिसाने 'बॅटरी वॉरंटीत आहे, फुकट बदलून मिळेल' असं लिहिलं तर ग्राहकाच्या लेखी ते शेटनी लिहिलं.

एक तांत्रिक गोष्ट मुलीवर सोपवा: जोडणी बंद कशी करायची हे कागदावर लिहून काउंटरमागे लावणं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट साधनाचे टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणाऱ्या डिजिटल चाव्या, चोरीला गेले आणि त्यांच्या जोरावर शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधली माहिती बाहेर गेली. क्लाउडफ्लेअरसारखी सुरक्षेतली कंपनीही त्यात सापडली. चोरांनी त्या मजकुरात पासवर्डही शोधले. अशा वेळी टोकन रद्द करायला पाच मिनिटं लागतात, पण कुठे जाऊन रद्द करायचं हे ठाऊक असेल तरच. चतुर्थीत दुकान बंद असताना हे कोण करणार, त्याचंही नाव त्या कागदावर हवं. टोकन म्हणजे काय हे शेटना समजावत बसू नका, त्याची गरज नाही.

राहता राहिला तुमच्या नोकरीचा प्रश्न. तो तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचून लिहिलात, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय. कोणी तुम्हाला 'काही होणार नाही' असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मीही तसं सांगणार नाही. फोन उचलून पत्ता सांगण्याचं काम कमी होईल. पण वर लिहिलेलं सगळं, म्हणजे नोंदी निवडणं, डुप्लिकेट काढणं, मसुद्यावर नजर ठेवणं, मदतनिसाला काय दिसावं हे ठरवणं, हे काम आज दुकानात कोणाच्याच नावावर नाही आणि ते तुमच्याखेरीज कोणाला जमणारही नाही. नोंदी अडवून धरून तुमची जागा टिकणार नाही. शेट त्या लॉगिनचा पासवर्ड एका दिवसात बदलून घेऊ शकतात.

तेव्हा शेटकडे आणि मुलीकडे एकदमच जा, दोघं समोर असताना बोला. सांगा की जोडणीला माझी हरकत नाही. आधी नोंदी साफ करायला मला तीन आठवडे रोज सकाळचे दोन तास द्या, त्या वेळात फोन दुसऱ्याने उचलायचे. मदतनिसाला कुठली परवानगी द्यायची हे मी आणि मुलगी मिळून ठरवू, आणि ती वाढवायची असेल तर दोघींची सही लागेल. ही माझी जबाबदारी म्हणून लेखी द्या. एक मेल पुरे. आणि ते मान्य झालं की त्याच बैठकीत पगाराचंही बोला. चतुर्थीनंतर बघू असं शेट म्हणाले, तर तारीख विचारून घ्या.